मंत्रालय ते मच्छीमार नगर : शब्दांची येजा

मंत्रालयापासून कफ परेडचं मच्छीमार नगर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मधली बरीचशी जमीन बॅकबेत भर घालून समुद्रातून काढलेली. कफ परेडच्या ज्या रस्त्यावर एकेकाळी लोक समुद्राच्या कडेने फिरायला येत, तो 1960-70च्या भरावानंतर समुद्रापासून दुरावला. या पट्ट्याच्या एका टोकाला सरकारी मराठी घडली. दुसऱ्या टोकाला, होड्या लागतात त्या किनाऱ्यावर, कोळ्यांची मराठी बोलली जाते. गेल्या शंभर वर्षांत मराठी माणूस शब्दांवरून जितका चिडला, त्यातला बहुतेक राग पहिल्या टोकाच्या शब्दांवर होता. दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं, याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. या मागोव्यात म्हणूनच दोन्ही टोकं धरायची आहेत.

शब्दांवरची चीड जुनी आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. चिटणीस, फडणीस, जमाबंदी मात्र टिकले ते टिकलेच. विसाव्या शतकात सावरकरांनी हा विषय नव्याने हाती घेतला. 1924पासून ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि तिथूनच त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. महापौर, दिनांक, क्रमांक, दिग्दर्शक, मध्यंतर हे शब्द त्यांचे. पुढे ते दादरला, शिवाजी पार्काजवळ राहायला आले आणि 1938 साली मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. माधव जूलियन यांचा प्रवास तर विलक्षण. त्यांनी 1925 साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला, आपल्या कवितेत फारसी शब्दांना मानाने घर दिलं, आणि 1938 साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून ते शुद्धीच्या बाजूला उभे राहिले. शब्दांवर इतका जीव लावणारा माणूस एकाच आयुष्यात दोन्ही बाजूंना गेला, यावरूनच हा वाद किती खोलवरचा होता ते कळतं.

त्या काळी या नव्या शब्दांची भरपूर टिंगल झाली. बोलायला जड, कानाला परके, संस्कृतने लादलेले, असे आरोप झाले. आज गिरगावातला किंवा लालबागचा कोणी ‘महापौर’ म्हणताना अडखळत नाही. ‘मध्यंतर’ हा घडवलेला शब्द आहे, हे नाटकाच्या प्रेक्षकाला सांगूनही खरं वाटणार नाही. त्याच काळातले दूरध्वनी आणि नभोवाणी मात्र कागदावर राहिले. महापौर हे पद मुंबईत 1931 साली आलं, त्या जागी आधी घट्ट बसलेला शब्द नव्हता, म्हणून नवा शब्द मोकळ्या जागेत येऊन बसला. फोन आणि रेडिओ वस्तूंबरोबरच घरात आले होते. त्यांना हलवता आलं नाही.

असाच दुसरा कल्लोळ महाराष्ट्र राज्य झाल्यावर उठला. 1960 साली भाषा संचालनालय स्थापन झालं आणि 1962 साली पदनाम कोश निघाला. कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला, सेक्रेटरीचा सचिव, इंजिनिअरचा अभियंता. आचार्य अत्र्यांनी या कोशाला ‘बदनाम कोश’ ठरवलं आणि वाचक त्यांच्याबरोबर हसले. आज साठ वर्षांनी वर्तमानपत्र उघडा. आयुक्त, संचालक, अधीक्षक, लिपिक यांच्याशिवाय एक पान पुढे जात नाही. सचिवालयाचं मंत्रालय झालं तेही लोकांनी पचवलं. अत्र्यांची मराठी मी आजही चवीने वाचतो, पण या एका बाबतीत त्यांचा अंदाज चुकला असं मला स्पष्ट वाटतं.

लेखनाच्या नियमांचीही तीच गत. साहित्य महामंडळाचे नियम 1962 साली आले, 1972 साली त्यांत भर पडली, आणि नांव, कांहीं, पाहूं यांच्या डोक्यावरचे अनुच्चारित अनुस्वार गेले. ज्यांनी शाळेत या अनुस्वारांसाठी मार खाल्ला होता त्यांना हे फार लागलं. आयुष्यभर अचूक लिहिलेलं एका रात्रीत जुनाट ठरलं. शब्दांवरच्या चिडीचं मूळ मला इथे दिसतं. भाषा आपण कष्टाने मिळवतो. लहानपणी चुकून, ओरडा खाऊन, हसं होऊन आपल्याला कळतं की अमुक बरोबर आणि अमुक चूक. पुढे कोणीतरी येतो, ते कष्ट न घेता बोलतो, आणि त्याचं काहीच अडत नाही. माणसाला ते सहन होत नाही. हा राग समजण्यासारखा आहे. मी त्याला क्षुद्र म्हणणार नाही.

पण या रागात दुसरंही काहीतरी मिसळलेलं असतं, आणि मच्छीमार नगराच्या बाजूने पाहिलं की ते लख्ख दिसतं. कोळी बोलीत ण आणि ळ नाहीत. पाणी म्हणजे पानी, कोळी म्हणजे कोली. मासे म्हणजे म्हावरं. कोळीवाड्यातलं मूल शाळेत गेलं की पहिल्या आठवड्यात त्याला कळतं की आपली आई ‘अशुद्ध’ बोलते. ‘पुस्तक भेटलं का?’ या वाक्यावर कितीतरी सुशिक्षितांच्या कपाळाला आठी पडते, कारण माणूस भेटतो आणि वस्तू मिळते असं पुस्तकी व्याकरण सांगतं. मुंबईत आणि आसपासच्या बोलींत मात्र वस्तूही सहज भेटते. ही बोलण्याची रीत कोणी काल बिघडवलेली नाही. ‘मी तुला बोललो’ हेही तसंच. शब्द चुकला म्हणून आलेला राग आणि बोलणारा आपल्यापैकी नाही म्हणून आलेला राग, हे दोन वेगळे आहेत. गेल्या शंभर वर्षांत आपण ते फार वेळा एकच समजलो.

कोळ्यांनी स्वतः शब्दांची जात कधी विचारली नाही. दर्या फारसी, बंदर फारसी. होडीचा मालक नाखवा, तो फारसी नाखुदा. खलाशी आणि सुकाणू अरबीतून आले. पगार आणि पाव पोर्तुगिजांकडून. ज्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं गलबतं लागत होती, तिथल्या माणसांनी जे कामाचं ते घेतलं आणि आपल्या उच्चारात बसवलं. त्यांच्या वसाहतीचं नावही ‘मच्छी’वर बेतलेलं, हिंदी-गुजरातीच्या शेजारातून आलेलं. शुद्धीच्या चाळणीतून हे सगळं घातलं तर दर्यावरची मराठी उरणारच नाही. म्हणून येणाऱ्या शब्दांचं भय मला फारसं वाटत नाही. सोसायटी, जेट्टी, डिझेल, बर्फाचा बॉक्स, जीपीएस हे शब्द मच्छीमार नगरात रोज लागतात आणि त्यांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

जाणारे शब्द मात्र सांभाळण्यासारखे आहेत.

डोल जाळ्याची मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते. जाळं रोवून ठेवायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत यायची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओढ जोरात, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मंद, तो भांग. उधाणाला डोलकर कामावर, भांगाला जाळ्यांची दुरुस्ती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. उधाण आणि भांग या दोन शब्दांत चंद्राची कला, पाण्याचा जोर आणि घरातल्या कामाची वाटणी, सगळं एकत्र बसलेलं आहे. शालेय भूगोलाच्या पुस्तकाने हे शब्द घेतले, उधाणाची भरती आणि भांगाची भरती म्हणून. खारे वारे आणि मतलई वारेही तिथे आहेत. पुस्तक लिहिणाऱ्यांनी त्या वेळी मोठं शहाणपण दाखवलं. आज पावसाळ्यात मराठी वाहिन्या सांगतात, ‘मुंबईत दुपारी हायटाइड’. भरती हा शब्द हाताशी असताना, शाळेत शिकवला जात असताना, तो बाजूला पडतो. इथे चिडायला हवं, आणि इथे मी चिडतो.

शब्द जातात कारण काम जातं, किंवा काम करणारे हात बदलतात. मुंबईच्या अनेक बोटींवर आता उत्तर प्रदेश, झारखंड, आंध्र, ओडिशातून आलेले खलाशी असतात. बोटीवरची भाषा हिंदी होते. तांडेल हिंदीत हाक देतो, खलाशी हिंदीत उत्तर देतो, आणि जाळ्याच्या भागांची, वाऱ्याच्या दिशांची, पाण्याच्या रंगांची नावं बोलायचं कारणच उरत नाही. यात त्या खलाशांचा काहीही दोष नाही. ते पोट भरायला आले आहेत. परळ-लालबागमध्ये हे आधी घडून गेलं. 18 जानेवारी 1982च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या आणि भोंगा, साचा, खातं, बदली, पाळी या शब्दांतले गिरणीचे अर्थ एका पिढीत विरले. ‘बदलीवाला’ म्हणजे कोण, हे आज गिरणगावात वाढलेल्या मुलाला समजावून सांगावं लागतं.

मच्छीमार नगरावर काही शब्द बाहेरून येऊन आदळले. 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री अतिरेकी इथल्याच किनाऱ्यावर, बधवार पार्कजवळ उतरले. तेव्हापासून ‘सव्वीस-अकरा’ ही तारीख अख्ख्या देशात शब्द म्हणून वापरली जाते. अमेरिकेतल्या ‘नाइन इलेव्हन’च्या साच्यावर ती घडली हे उघड आहे, पण इथल्या लोकांसाठी ती आपल्या किनाऱ्याची तारीख आहे. पाठोपाठ बायोमेट्रिक ओळखपत्र, कोस्टल पोलीस, सागरी सुरक्षा हे शब्द घराघरांत आले. मासेमारीचा आरंभ पूर्वी नारळी पौर्णिमेशी बांधलेला होता. आता 1 जून ते 31 जुलै ‘बंदी काळ’ असतो आणि 1 ऑगस्ट ही तारीख महत्त्वाची ठरते. पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतातच, पण बोट कधी सोडायची हे सण सांगत नाही, आदेश सांगतो.

2020 साली केंद्राची ‘प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना’ आली. मराठीत या पदाला पंतप्रधान म्हणतात. पेशव्यांच्या काळातून आलेला, रुळलेला शब्द. पण योजनेचं नाव बदलायचं नाही म्हणून मराठी फलकांवरही प्रधानमंत्रीच लिहिलं जातं आणि आता बोलण्यातही ते ऐकू येतं. ‘खुलासा’ हाही असाच सरकला. मराठीत तो स्पष्टीकरण होता, हिंदी बातम्यांच्या सहवासाने तो गौप्यस्फोट झाला. अभिमानाने घेतलेला शब्द आणि वाहत आलेला शब्द यांत फरक आहे, आणि या दुसऱ्या प्रकाराबद्दल तक्रार करणाऱ्यांना मी जुन्या वळणाचे म्हणून हिणवणार नाही.

जागांच्या नावांचं काय होतं तेही इथेच पाहावं. मच्छीमार नगरासमोरच्या रस्त्याचं अधिकृत नाव कॅप्टन प्रकाश पेठे मार्ग. बोलताना सगळे कफ परेडच म्हणतात. उलट 1995 साली बॉम्बेचं मुंबई झालं ते सहज रुजलं, कारण मराठी माणसाच्या तोंडी मुंबईच होती आणि ती मुंबादेवी कोळ्यांची. इकडे वडाळ्यातल्या एका मोठ्या गृहप्रकल्पाने ‘न्यू कफ परेड’ असं नाव घेतलं आहे, तर लोअर परळच्या काही इमारती ‘अप्पर वरळी’ म्हणून विकल्या जातात. घराच्या किमतीसाठी गावाचं नाव पुसलं जातं आणि त्यावर मात्र कोणी संमेलनात ठराव मांडत नाही.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदाची गोष्ट आहे. अभिजातपणाच्या चर्चेत शिलालेख, गाथासप्तशती, महानुभावांचे ग्रंथ आले, आणि ते यायलाच हवेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचं सर्वेक्षण केलं, तेही मोलाचं काम आहे. पण धंद्याचे शब्द सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत पूर्ण सापडत नाहीत. ते जाळं विणताना, मासळी निवडताना, वाऱ्याकडे बघताना तोंडातून निघतात.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. ज्यांना ‘भेटलं’ ऐकून राग येतो त्यांनी तो राग थोडा बाजूला ठेवून एकदा मच्छीमार नगरात, वरळीच्या किंवा कुलाब्याच्या कोळीवाड्यात जाऊन ऐकावं. आणि कोळीवाड्यातल्या तरुणांनी आपल्या आजोबांना, मावशीला विचारून जाळ्याचे भाग, वारे, पाणी, मासे यांची नावं फोनवर त्यांच्याच आवाजात, पानी आणि कोली या उच्चारांसकट, ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. हे काम भाषा संचालनालय तुमच्यासाठी करेल याची वाट पाहू नका. पुढच्या भांगाला, जाळी दुरुस्तीला बसाल तेव्हाच सुरुवात करा.