दारची भेंडी

आपल्या नित्याच्या भोजनात ज्या भाज्या वारंवार येतात, त्यांमध्ये भेंडीचे स्थान मोठे आहे. घरच्या ताटात काय किंवा शाळेच्या डब्यात काय, ती सारख्याच सहजतेने वावरते. परंतु भेंडीचे झाड कसे असते, त्याचे फूल कोणत्या रंगाचे असते आणि ते किती काळ टिकते, असे विचारले, तर शहरात वाढलेल्या पुष्कळांना उत्तर देता येणार नाही. वस्तुतः हे सारे पाहण्यासाठी शेतावरच गेले पाहिजे असे नाही. परसात हातभर जागा असो, किंवा सज्जात एखादी कुंडी ठेवण्यापुरता अवकाश असो, तेवढ्यावर भेंडी संतुष्ट असते. तिला ऊन मात्र भरपूर हवे, आणि रोज तिच्याकडे लक्ष देणारे कोणीतरी हवे. हे लक्ष कशासाठी, ते तिचा जीवनक्रम पाहिला म्हणजे आपोआप कळून येते.

भेंडी ही कापूस, अंबाडी आणि जास्वंद यांच्या कुळातील वनस्पती आहे. तिचे मूळ स्थान आफ्रिका की भारत, याविषयी विद्वानांत एकमत नाही. मात्र इंग्रजीतील ‘ओक्रा’ हे तिचे नाव पश्चिम आफ्रिकेतील भाषेतून आलेले आहे. आफ्रिकेतून ज्या लाखो माणसांना गुलाम करून अमेरिकेत नेण्यात आले, त्यांच्याबरोबर ही भाजीही समुद्रापार गेली आणि तेथील स्वयंपाकात रुजली. आज जगात सर्वांत अधिक भेंडी पिकते ती मात्र आपल्या भारतात.

भेंडी ही उष्ण हवेची सोबतीण आहे. थंडीत तिचे बी जमिनीत तसेच पडून राहते आणि उगवले तरी रोप खुरटते. म्हणून महाराष्ट्रात तिची लागवड मुख्यतः दोन वेळा करतात. पावसाळी पिकासाठी जून-जुलैमध्ये बी टोकतात, तर उन्हाळी पिकासाठी थंडीचा कडाका ओसरल्यावर, जानेवारीच्या अखेरीपासून पुढे. कोकणात भर पावसात सूर्यदर्शन दुर्मीळ होते. तेथे कुंडी अशा ठिकाणी ठेवावी की ढग विरताच तिच्यावर ऊन पडेल. दिवसातून निदान सहा तास ऊन मिळाले नाही, तर झाड उंच वाढते, पण फळे धरीत नाही.

कुंडीची निवड करताना तिच्या सौंदर्यापेक्षा खोलीकडे पाहावे. भेंडीचे सोटमूळ सरळ खाली जाते. त्यामुळे कुंडी निदान ३० सेंटिमीटर खोल आणि तितकीच रुंद असावी. एवढ्या कुंडीत एकच झाड ठेवणे उत्तम. मातीची कुंडी नसल्यास जुनी बादली किंवा तेलाचा रिकामा डबा चालतो. पत्र्याचा डबा उन्हाळ्यात फार तापतो, म्हणून त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळावे. भांडे कोणतेही असले, तरी त्याच्या तळाला भोके हवीत. त्या भोकांवर खापराचे तुकडे पालथे ठेवले म्हणजे पाणी निथळते आणि माती वाहून जात नाही. पाणी साचून राहिले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. कुंडी भरण्यासाठी दोन भाग चांगली माती, एक भाग पुरते कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू, असे मिश्रण करावे. देशावरची काळी माती चिकण असते, तिच्यात वाळूचे प्रमाण थोडे वाढवावे.

भेंडीच्या बियांचे कवच कठीण असते. म्हणून पेरण्यापूर्वी त्या रात्रभर पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी प्रत्येक कुंडीत सुमारे दोन सेंटिमीटर खोलीवर तीन बिया टोकाव्यात. हवा उबदार असेल, तर चार ते सात दिवसांत अंकुर वर येतात. रोपांना तीन-चार पाने फुटली, की त्यांतील सर्वांत सशक्त रोप ठेवून बाकीची कात्रीने जमिनीलगत कापून टाकावीत. ती उपटून दुसरीकडे लावण्याचा मोह होतो, पण सोटमूळ दुखावलेले रोप पुन्हा नीट जोम धरीत नाही आणि उपटताना शेजारच्या रोपाची मुळेही हलतात. परसात वाफा असेल, तर दोन ओळींत ४५ ते ६० सेंटिमीटर आणि दोन झाडांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे.

पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट खुपसून पाहावे. बोटाच्या पेराइतक्या खोलीवर माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावे. उन्हाळ्यात कुंडीला रोज, कधी दोन वेळाही पाणी लागते. पावसाळ्यात कित्येक दिवस मुळीच लागत नाही. दर पंधरा-वीस दिवसांनी मूठभर गांडूळखत बुंध्याभोवती मिसळले, की झाडाचे पोषण होते. त्याहून अधिक खत देण्याचा उत्साह आवरावा. अति खताने पानेच माजतात आणि फळांची संख्या घटते.

पेरणीपासून सुमारे सहा आठवड्यांच्या आत झाडाला पहिले फूल येते. पाच फिकट पिवळ्या पाकळ्या, त्यांच्या तळाशी गडद जांभळट डाग आणि मध्यभागी जास्वंदीसारखी पुंकेसरांची नळी, असे त्याचे रूप असते. हे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मावळते. दुसऱ्या दिवशी पाहावे, तर पाकळ्या सुकलेल्या आणि त्यांच्या जागी इवलीशी हिरवी शेंग वर तोंड करून उभी असलेली दिसते. तीच भेंडी. पुढील पाच-सहा दिवसांत ती भाजीयोग्य होते.

येथेच बाग राखणाऱ्याची खरी कसोटी लागते. कोवळ्या भेंडीचे टोक बोटाने मोडले, तर चटकन तुटते. दोन-तीन दिवस ती तशीच राहिली, तर तिच्यात धागे धरतात, बिया टणक होतात आणि ती जून होते. जून भेंडी कितीही शिजवली, तरी दाताखाली काडीसारखी लागते. परंतु हानी तेवढ्या एका फळाची नसते. झाड आपल्यासाठी भाजी करीत नसते, ते आपली पुढची पिढी तयार करीत असते. शेंगेतील बी पक्व होऊ लागले, की झाडाची सारी शक्ती तिकडे वळते आणि नवी फुले येणे मंदावते. शेंगा कोवळ्या असतानाच काढून घेतल्या, तर झाड बी तयार करण्याचा प्रयत्न नव्याने करते आणि पुन्हा पुन्हा फुलते. म्हणून भेंडी एक दिवसाआड तरी काढलीच पाहिजे. घरी भाजीला पुरेशी नसली, तरी काढावी आणि जमवून ठेवावी. जो वेळेवर घेतो, त्यालाच हे झाड देत राहते. फळे ओरबाडून न घेता देठाशी कात्रीने कापावीत. पानांवर आणि फळांवर बारीक लव असते, तिने हाताला खाज सुटते. म्हणून हाताला फडके गुंडाळणे सोईचे.

भेंडीचा चिकटपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. कापण्यापूर्वी भेंडी धुऊन पुरती कोरडी करावी आणि फोडणीत आमसूल, चिंच किंवा ताक घालावे, हा गृहिणींचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. आंबटामुळे तो चिकटपणा कमी होतो. पण स्वयंपाकघरात जो नकोसा वाटतो, तोच गुण गुऱ्हाळात उपयोगी पडतो. कोल्हापूरकडे गूळ करताना भेंडीच्या झाडाची खोडे ठेचून पाण्यात चोळतात आणि तो चिकट द्रव उकळत्या उसाच्या रसात घालण्याची रीत आहे. रसातील गाळ त्याच्या योगाने एकत्र येऊन मळीच्या रूपाने वर तरंगतो. ती मळी काढून टाकली, की गूळ स्वच्छ उतरतो.

अशा या गुणी झाडाला शत्रूही थोडे नाहीत. मावा आणि तुडतुडे पानांतील रस शोषतात, तर अळी फळ पोखरते. पोखरलेली फळे तत्काळ काढून नष्ट करावीत. निंबोळीची पूड ५० ग्रॅम घेऊन ती एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी आणि सकाळी गाळून फवारावी, हा घरच्या बागेला पुरेसा उपाय होय. सर्वांत भयंकर शत्रू मात्र डोळ्यांना दिसत नाही. पानाच्या शिरा प्रथम पिवळ्या पडतात, पानावर पिवळे जाळे विणल्यासारखे दिसते, मग सगळे पान पिवळे होते आणि फळे खुजी, फिकट व राठ निपजतात. शेतकरी याला केवडा किंवा हळद्या म्हणतात. हा रोग विषाणूमुळे होतो. पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषून निरोगी झाडावर जाऊन बसली, की तिच्यामार्फत विषाणूही तेथे जातो. रोग जडलेले झाड बरे करणारे औषध नाही. ते उपटून नष्ट करणे, हाच शेजारच्या झाडांना वाचवण्याचा मार्ग. पिवळ्या पुठ्ठ्यावर एरंडेल फासून तो झाडाजवळ टांगला, तर पिवळ्या रंगाकडे ओढल्या जाणाऱ्या या माश्या त्याला चिकटतात.

या रोगाची नोंद १९२४ मध्ये त्या वेळच्या मुंबई इलाख्यातून झाली. त्याने पुढे शेतेच्या शेते पिवळी केली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ‘पुसा सावनी’ हा वाण तयार झाला, तेव्हा तो या रोगापुढे टिकून राहिला आणि देशभर पसरला. परंतु काही वर्षांनी त्याची ही शक्ती ओसरली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी भेंडीचा तिच्याच कुळातील एका रानटी नातेवाइकाशी संकर घडवून आणला आणि त्यातून १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हा वाण जन्माला आला. ज्या रानटी झुडपाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्याने आपल्या लाडक्या भाजीला रोगाशी झुंजण्याचे बळ दिले. कोणतेही बी निरुपयोगी म्हणून नष्ट होऊ देऊ नये, याचे याहून चांगले कारण कोणते सांगता येईल?

हे जतन आपल्या कुंडीपासूनही सुरू करता येते. हंगामाच्या उत्तरार्धात सर्वांत निरोगी झाड निवडावे आणि त्याच्यावरील दोन-तीन भेंड्या न तोडता तशाच राहू द्याव्यात. मात्र ते झाड संकरित बियांचे नसावे, कारण संकरित झाडाचे बी पुढच्या पिढीत मूळ झाडासारखे निपजेलच असे नाही. जवळपास दुसऱ्या वाणाची भेंडी असेल, तर मधमाश्या एकीचा पराग दुसरीवर नेतात. म्हणून कळी उमलण्यापूर्वी तिच्यावर विरळ कापडाची पिशवी बांधावी आणि फूल सुकले की ती सोडावी. महिनाभरात शेंग वाळून तपकिरी होते आणि तिच्या कडांवर भेगा पडू लागतात. तेव्हा ती काढून बिया सोलाव्यात, सावलीत सुकवाव्यात, थोड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत भराव्यात आणि बाटलीवर वाणाचे नाव व वर्ष लिहून ठेवावे.

एका वाळलेल्या शेंगेत चाळीस-पन्नास बिया सहज निघतात. आपल्या कुंड्यांना त्यांतील थोड्याच लागतात. बाकीच्या शेजाऱ्यांना वाटाव्यात, म्हणजे एका सज्जातील भेंडी पुढच्या हंगामात साऱ्या आळीच्या दारी फुललेली दिसेल.