तुडतुड्यांनी आधी चाखलेला चहा

तैवानच्या सिंचू आणि मिआओली भागांतल्या डोंगरउतारांवर जूनच्या सुमारास एक खास खुडणी होते. मळेवाला तिथे टवटवीत, हिरव्यागार पानांच्या मागे नसतो. त्याला हवी असतात कडा पिवळट पडलेली, आकसलेली, वाढ खुंटलेली पानं, म्हणजे तुडतुड्यांनी रस शोषलेली. एक कळी आणि दोन पानं अशी हातानं वेचायची आणि त्यांपासून मधाचा, पिकल्या फळांचा वास असलेला ‘ओरिएंटल ब्यूटी’ हा ऊलाँग चहा करायचा.

तुडतुडे कापूस आणि आंबा पिकवणाऱ्यांना नव्यानं सांगायला नकोत. चहावरचा तुडतुडा जेमतेम तीन मिलिमीटरचा, फिकट हिरवा. कोवळ्या पानाच्या मागच्या बाजूला बसून तो रस ओढतो. झाडाला पळता येत नाही, त्यामुळे त्याची सारी लढाई रसायनांची. ज्या कॅफिनसाठी आपण चहा पितो, तेही मुळात किडीविरुद्धचंच शस्त्र आहे. तुडतुड्याचा दंश झाला की पानात लिनालूल या सुगंधी द्रव्याच्या कुळातली रसायनं वाढू लागतात. त्यांतल्या ‘डायॉल’ प्रकारच्या एका रसायनाचं प्रमाण तर दंश झालेल्या पानांत ठळकपणे जास्त आढळतं. पुढे पान भट्टीच्या उष्णतेत तापलं की त्याच डायॉलपासून होट्रिएनॉल तयार होतं. मधाचा वास येतो तो मुख्यतः यातून. झाडाला आपल्या चहाच्या कपाशी अर्थातच काही देणंघेणं नाही. दंशानंतर झाडातून दरवळणारे असे काही वास किडीच्या शत्रूंना, म्हणजे परजीवी गांधीलमाश्या आणि कोळी यांना बोलावण्यासाठी असतात.

मात्र नुसत्या दंशानं चहा सुगंधी होत नाही. ताज्या पानात बरेच सुगंधी रेणू साखरेला जखडलेले असतात आणि तेव्हा त्यांना वास नसतो. पान उन्हात कोमेजवलं, हलक्या हातानं हलवून त्याच्या कडा दुखावल्या, की पेशी फुटतात, विकरं साखर तोडतात आणि वास मोकळा होतो. हलवणं कमी पडलं तर वास अडकून राहतो, जास्त झालं तर पान काळवंडतं. कीटकाइतकंच श्रेय या हातांना द्यायला हवं.

आपल्याकडेही दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराच्या चहाला द्राक्षासारखा ‘मस्कटेल’ गंध येतो. मे-जूनमध्ये तुडतुडे आणि फुलकिडे पानांवर येतात, त्याच वेळी हा चहा खुडला जातो. त्या गंधात किडीचा वाटा आहे, असं मळ्यांत मानतात आणि रसायनशास्त्रही त्याला दुजोरा देतं.

पण सगळ्याच किडी अशा उपकारी नाहीत. आसामात आणि डुआर्समध्ये ‘टी मॉस्किटो’ नावाचा ढेकण्या मळे उद्ध्वस्त करतो. त्याचाच भाऊबंद कोकणात काजूचा मोहोर आणि कोवळी पालवी जाळतो, त्यामुळे हे नाव तिथल्या बागायतदारांच्या तोंडी असतं. ढेकण्याही रसच शोषतो, पण त्याची लाळ इतकी जहाल की दंशाभोवतीच्या पेशी मरतात, पानावर तपकिरी ठिपके पडतात आणि पुढे कोंबच वाळतो. मेलेल्या पेशींकडून सुगंधाची अपेक्षा कशी करणार? सुगंध घडवायला दुखावलेली, पण जिवंत पेशी लागते. फरकाचं मूळ मला इथेच दिसतं. म्हणूनच तैवानचं उदाहरण देऊन आसामच्या मळेवाल्याला ‘कीड राहू द्या’ असा सल्ला कुणी देऊ नये.

तैवानमध्येही हा सौदा सोपा नाही. तुडतुडे हवेत म्हणून कीटकनाशक मारायचं नाही, उत्पन्न घटणार हे आधीच मान्य करायचं. २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपानंतर नानतौ भागातले मळे काही काळ कुणी सांभाळले नाहीत, त्यांत तुडतुडे माजले, आणि तीच पानं वापरून ‘गुइफेई’ ऊलाँग केला गेला, असं तिथे सांगतात. किडे किती यायचे हे मात्र पाऊस आणि उन्हाळा ठरवतात. ते कमी आले तर मधाचा वास उतरत नाही, फार आले तर खुडायला कोंबच उरत नाहीत.