मान वर करून वाचण्याची सोय

जुन्या संस्कृत हस्तलिखितांच्या शेवटच्या पानावर लेखनिकाची एक तक्रार वारंवार भेटते. पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर एका जागी खिळवून, तोंड खाली घालून मोठ्या कष्टाने हा ग्रंथ लिहिला आहे, तेव्हा तो जपा, अशा आशयाचा तो श्लोक. पोथीच्या रक्षणाची विनंती म्हणूनच तो आपण वाचतो. मीही कितीतरी वर्षे तसाच वाचला. पण स्वतःची मान धरली, तेव्हा लक्षात आले की ही नुसती विनंती नाही, हे दुखण्याचे नेमके वर्णन आहे. कुठे दुखते ते त्यात आहे आणि का दुखते तेही आहे. तोंड खाली, हे कारण.

माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. लग्न होऊन आंजर्ल्याला आले. चाळिशी उलटल्यावर मोडी शिकले आणि आसपासच्या घरांतले जुने कागद वाचून त्यांच्या नकला करू लागले. गहाणखते, वाटणीपत्रे, देवस्थानच्या उत्पन्नाचे हिशेब, आगरातल्या माडांवरून झालेली भांडणे. बहुतेक घरांची अट एकच : कागद घराबाहेर जाणार नाही. ती रास्तच आहे. त्यामुळे कागद जिथे, तिथे मी. कुणाच्या ओटीवर, कुणाच्या पडवीत, जमिनीवर मांडी घालून.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. आमच्या किनाऱ्यावरची कौले उडाली, पोफळी झोपल्या आणि माळ्यावरची गाठोडी भिजली. त्यानंतर कामाला घाई आली. ज्या घरांनी पूर्वी नकार दिला होता, तीही बोलावू लागली, कारण कागदांना बुरशी धरत होती. दोन वर्षे मी मिळेल तिथे बसून वाचत राहिले. मग उजव्या हाताची बोटे बधिर होऊ लागली. डॉक्टरांनी छायाचित्र पाहून सांगितले, मानेचे मणके झिजलेत, खाली मान घालून बसणे बंद करा. मी विचारले, खाली मान न घालता मोडी वाचायचे कसे? त्यावर ते हसले. त्यांचे काम सांगण्याचे होते, सोय शोधण्याचे काम माझे होते.

ही सोय आपल्या परंपरेत आधीच असणार, असे मला वाटले. शोधायला लागल्यावर ती अर्धीच सापडली.

आपली पोथी म्हणजे आडव्या, सुट्या पानांची चळत. बांधणी नसल्याने ती उभी धरता येत नाही. पाटावर सपाट ठेवायची, वाचलेले पान उलटून पलीकडे ठेवायचे. लिहिणाराही जमिनीवरच बसे. एक गुडघा उभा करून किंवा मांडीवर फळी घेऊन बोरूने लिही. ग्रंथ वर उचलायची एकच जुनी सोय आपल्याकडे सर्वत्र दिसते. आज व्यासपीठ म्हटले की सभेचा मंच आठवतो, पण पोथीखाली ठेवायच्या फुलीच्या आकाराच्या लाकडी घडीलाही व्यासपीठच म्हणतात. मुसलमान घरांत कुराणासाठी असते ती रेहल याच जातीची. उत्तम रेहल एकाच फळीतून कोरलेली असते. फळी जाडीत मधोमध चिरायची, पण मध्यावर बिजागरीची बोटे एकमेकांत अडकलेली ठेवायची. खिळा नाही, लोखंड नाही. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी बिजागरी किती टिकते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या कारागिरीची किंमत कळेल.

पण रेहलीचा कोन ठरलेला असतो, आणि तिचे दोन पंख बांधीव पुस्तकाची दोन पाने पेलण्यासाठी असतात. सुटा कागद तिच्या खळग्यात घसरतो. आणि तिच्यावर लिहिता येत नाही.

लिहिण्याची सोय वेगळ्या ठिकाणी होती. पेढीवरच्या मुनीमजींपुढे उतरत्या झाकणाची बुटकी पेटी असे. उतार थोडा, पोटात वह्या आणि दौत. तिच्यावर लिहिणे सोपे, पण ती बसल्या जागेची वस्तू. बरोबर नेण्याजोगे मेज म्हणून जगात गाजलेले उदाहरण थॉमस जेफरसनचे. त्याने स्वतः आराखडा काढून फिलाडेल्फियाच्या बेंजामिन रँडॉल्फ या सुताराकडून महॉगनीची लहानशी लेखनपेटी करून घेतली. बिजागरीची लिहायची फळी, कागद-दौतीसाठी कुलूपबंद खण. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्याने तिच्यावर लिहिला. ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

म्हणजे वाचायची घडी एकीकडे आणि लिहायची पेटी दुसरीकडे. माझ्यासारख्या नकला करणारीला दोन्ही हवे, आणि तेही पिशवीत मावणारे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली, त्या पिढीच्या पायपिटीच्या कथा आपण सांगतो. त्यांच्या मानांचा हिशेब मात्र कुणी ठेवला नाही.

आता थोडे गणित. माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे. ते कण्यावर सरळ तोललेले असते तेव्हा तेवढाच भार. पुढे झुकले की तरफ सुरू होते. न्यूयॉर्कचे कण्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकी प्रतिमानावरून अंदाज मांडला : डोके १५ अंश झुकले तर मानेवर सुमारे १२ किलो, ३० अंशांना १८, ४५ अंशांना २२ आणि ६० अंशांना २७ किलो. हा प्रत्यक्ष माणसांवर मोजलेला आकडा नाही, पण वाढ कशी होते ते त्यातून कळते.

जमिनीवर मांडी घालून बसले की माझे डोळे जमिनीपासून सुमारे ७० सेंटिमीटर उंच असतात. पाटावरचा कागद ७ सेंटिमीटरवर. चष्म्याने मला स्पष्ट दिसते ४० सेंटिमीटरवरून. मधले अंतर भरून काढायला मान पुरत नाही, धडच वाकवावे लागते. पाठ, कंबर, मान हा श्लोकातला क्रम उगीच आलेला नाही.

दुसरी गोष्ट अक्षरांची. नजर कागदावर काटकोनात पडली तर अक्षर पुऱ्या उंचीचे दिसते. ४५ अंशांत पडली तर त्याची उंची सत्तर टक्केच दिसते. छापील देवनागरीला ते चालून जाते. मोडीत एका लहानशा वळणावर अक्षर बदलते, तिथे हे तीस टक्के महाग पडतात. मग आपण आणखी वाकतो.

तर मग कागद उभाच का करू नये? कारण लिहिताना उलटे होते. उतार वाढला की कोपर घसरते, हात अधांतरी राहतो आणि खांदा भरून येतो. टाक-बोरूची पातळ शाई ओघळते. बॉलपेन फार उभ्या कागदावर थोड्या वेळाने कोरडे पडते, कारण शाई गोळीकडे वाहून यावी लागते. जुन्या कागदांजवळ मी शिसपेन्सिलच वापरते, तिला शाईची अडचण नाही, पण हाताची आहेच. माझ्या अनुभवात लिहायला १८ अंशांच्या आसपासचा उतार बरा आणि वाचायला ४५ च्या आसपासचा. एकच कोन दोघांना पुरत नाही, हे या सगळ्या खटाटोपाचे सार.

कोन बदलायची युक्ती ओटीवरच होती. आमच्या जुन्या आरामखुर्चीच्या मागच्या दांड्याला खाचा आहेत, दांडी एका खाचेतून दुसरीत टाकली की पाठ उतरते. तेच आडवे केले. खाली चौकट, तिच्या पुढच्या कडेला बिजागरीने जोडलेली ४० बाय ३० सेंटिमीटरची फळी, फळीच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून २० सेंटिमीटरवर, मागे २० सेंटिमीटर लांबीचा टेकू, आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना टेकूसाठी खाचा.

पहिला नमुना मी बिघडवला. सुतारकाकांना सांगितले, खाचा दर दोन सेंटिमीटरवर सारख्या पाडा. त्यांनी पाडल्या. बिजागरीपासून ३८ सेंटिमीटरची खाच १८ अंश देते आणि ३६ ची जवळजवळ २६. एकाच खाचेत आठ अंशांची उडी. उलट २४ वरून २२ वर आलात तर कोन ५३ वरून साडेछप्पनच होतो. म्हणजे लिहिण्यासाठी जिथे बारीक फरक हवा, तिथे खाचा विरळ, आणि जिथे नको तिथे दाट. खाचा सारख्या अंतरावर असल्या म्हणून कोन सारखे वाढत नाहीत. दोन समान बाजूंचा त्रिकोण म्हणजे शाळेतली भूमिती, पण मला ती लाकूड वाया गेल्यावर आठवली.

मग मी १५ आणि २० अंशांच्या दोन खाचा मागितल्या. सुतारकाका म्हणाले, “वहिनी, दोन्हींत एक सेंटीमीटरच राहतं. मधलं लाकूड तुटणार.” त्यांचे खरे होते. शेवटी कोन चारच ठेवले : १८ अंशांसाठी बिजागरीपासून ३८ सेंटिमीटर, ३० साठी ३४.६, ४५ साठी २८.३ आणि ५५ साठी २२.९. शेवटचा कोन फोनवरची छायाचित्रे वाचायला उपयोगी पडतो.

लाकूड शिवणीचे घेतले. फणस दिसायला देखणा आणि घरचा होता, पण जड. शिवण हलकी, आणि वाकतही फारशी नाही. बिजागऱ्या आणि स्क्रू पितळी. मिटल्यावर जाडी अडीच सेंटिमीटर, वजन सव्वा किलोच्या आत. पाय मुद्दाम लावले नाहीत. पाट आणि चौरंग आमच्याकडे घरोघर असतात, ते वाहून कशाला न्यायचे? वाचताना चौरंगावर एक पाट आणि त्यावर घडी. कागदाचा मध्य सुमारे ४२ सेंटिमीटर उंचीवर येतो आणि पाठ ताठ राहते. लिहिताना वरचा पाट काढायचा.

फळीच्या खालच्या कडेला कागद अडवायची पट्टी लागतेच. पहिली पट्टी उंच आणि धारदार झाली होती, जीर्ण कागदाची कड तिच्यावर झिजली असती. आता ती बुटकी आणि घासून गोल केलेली आहे, आणि कागद थेट तिच्यावर न ठेवता जाड पुठ्ठ्यावर ठेवते. चिमटा कधीच लावत नाही. वरून हलके वजन म्हणून कापडाची लांबट पिशवी टाकते. तिच्यात आधी इथली समुद्राची वाळू भरली होती, पावसाळ्यात ती मिठामुळे ओलावली. आता काचेचे मणी आहेत.

कामाची रीतही बदलली. ४५ अंशांवर कागद वाचते आणि फोनमध्ये बोलून ठेवते. एक बंद झाला की घडी १८ वर आणून ऐकत लिहिते. मग पुन्हा ४५ वर मूळ कागद लावून ताडून पाहते. दर ओळीला मान वर-खाली करणे गेले, आणि ताडताना चुका सापडतात त्या वेगळ्याच. फक्त छायाचित्रे घेऊन घरी का वाचत नाही, असे विचारतात. घेतेच, जिथे परवानगी आहे तिथे. पण घडीत दबलेले अक्षर आणि पुसट शाई कागद हलवून उजेडात धरल्याशिवाय उमगत नाही.

घरात या वस्तूची खरी परीक्षा सासूबाईंनी घेतली. त्या ८२ वर्षांच्या. चातुर्मासात हरिविजय वाचायचा नेम, तो मानेमुळे दोन वर्षे मोडला होता. त्याबद्दल त्या काही बोलत नसत, पोथी मात्र रोज पुसून ठेवत. मी मोठ्या कौतुकाने माझ्याच मापाने, चौरंग-पाटावर, ४५ अंशांत पोथी लावून दिली. दहा मिनिटांत त्यांनी मिटली. “अगं, हे वाचायला मला छताकडे बघावं लागतं.” त्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा. जवळचे पाहायचे भिंग खालच्या भागात. पान उंच गेले की त्या भिंगातून पाहायला हनुवटी वर उचलावी लागते, आणि मान उलट्या बाजूने दुखते. पाट काढला, कोन ३० वर आणला. तेव्हा जमले. माझे माप म्हणजे सर्वांचे माप नव्हे, हे मला त्यांनी शिकवले. यंदा श्रावणात त्यांचा नेम पुन्हा सुरू झाला. एका बैठकीत पूर्वीइतके वाचन होत नाही, पण होते.

या घडीने मणके पूर्ववत होत नाहीत. अर्ध्या तासाने उठावे लागतेच, बोटे अजून कधीकधी मुंग्या देतात. पण गेल्या पावसाळ्यानंतर मी एका घरातले सगळे गाठोडे वाचून पूर्ण केले. ते घर आता विकले जाणार आहे. कागद कुठे जातील ते ठरलेले नाही, नकला मात्र झाल्या आहेत. मापे वर दिली आहेत, कुणीही चांगला सुतार दोन दिवसांत हे करून देईल. फक्त खाचा पाडण्याआधी ज्याच्यासाठी ती करायची, त्याला चष्म्यासह समोर बसवा.