कल्ल्यांतले चपटे कृमी

मोनोजेनिया हे माशांच्या कातडीवर, परांवर आणि कल्ल्यांत राहणारे चपटे परजीवी कृमी. बेळगाव-निपाणीकडे समुद्री मासळी चोर्ला किंवा आंबोलीचा घाट चढून बर्फातून येते. बांगडा घेताना गिऱ्हाईक कल्ल्याचे झाकण उचलून आतला लाल रंग बघते. कृमींचे घर नेमके तिथेच असते. मात्र बहुतेकांची लांबी जेमतेम काही मिलिमीटर आणि अंग पारदर्शक, त्यामुळे ते सहसा नजरेला पडत नाहीत.

ते शोधायचे तर कल्ल्याची एक कमान कापून समुद्राइतक्या खारट पाण्याच्या बशीत ठेवावी आणि भिंगाखाली लाल तंतू सुईने विंचरावेत. गोडे पाणी वापरू नये. त्यात कृमी पांढरे पडतात. मत्स्यशेतीत हाच गुण कामी येतो. मासा थोडा वेळ गोड्या पाण्यात ठेवला, की कातडीवरचे बेनेडेनियासारखे कृमी पांढरे होऊन गळून पडतात.

कृमी सापडल्यावर आधी त्याचे मागचे टोक बघावे. धरून राहण्याचा अवयव तिथे असतो आणि ओळख बरीचशी त्यावरूनच पटते. कातडीवरच्या बेनेडेनियाला बशीसारखी चकती व आकडे असतात. कल्ल्यांतले रक्त पिणाऱ्यांना बारीक चिमटे असतात. त्यांच्या आतड्याच्या फांद्या पचलेल्या रक्ताने काळपट दिसतात. बांगड्यावरच्या कुन्हियाला दोन्ही बाजूंना चार-चार, असे ८ चिमटे. हलवा ज्या कॅरॅन्जिड कुळातला, त्यातल्या माशांवर राहणाऱ्या गॅस्ट्रोकोटायलीचे चिमटे मात्र एकाच कडेला ओळीने लागलेले. हे लंगडेपण विलक्षण सोयीचे आहे. मासा तोंडाने घेतलेले पाणी सतत कल्ल्यांतून बाहेर सोडतो. त्या धारेत कृमी एका कडेने तंतूला घट्ट धरतो आणि तोंडाकडचा भाग पाण्याच्या ओघाबरोबर मोकळा ठेवतो.

मेंढीच्या यकृतातल्या पर्णकृमीला वाढायला मध्ये गोगलगाय लागते. मोनोजेनियाला तसा मध्यस्थ लागत नाही. अंड्यातून निघालेली केसाळ अळी पोहत जाऊन थेट मासा गाठते. बहुतेक जाती ठरावीक माशांवरच राहतात, म्हणून मासा ओळखता आला की निम्मे काम झाले.

माशाच्या मांसात पांढरट दाण्यासारखे काही दिसले, तर ती पट्टकृमीची अळी असू शकते. अशा काही पट्टकृमींची वाढ मोरी किंवा पाकटाच्या आतड्यात पुरी होते. सांध्यांचे पाय दिसले, तर तो कृमी नव्हे, कोळंबीच्या गोतातला परजीवी. मोनोजेनिया माणसाच्या अंगात जगत नाहीत, आणि मासा साफ करताना कल्ल्यांबरोबर तेही टाकले जातात.