पिवळ्या डागाची साक्ष

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात इंदूरच्या सियागंजात उटण्याचं साहित्य घ्यायला जायचं, तर हातात यादी आणि तोंडात तिचं भाषांतर तयार लागतं. आईच्या कागदावर ‘वाळा’ असतो, दुकानदार ‘खस’ बांधून देतो. आपली आंबेहळद त्याची ‘आंबा हल्दी’. कापूरकाचरीची ‘कपूरकचरी’ होते. नागरमोथा, चंदन, गुलाबपाकळी आणि संत्र्याची साल यांना मात्र दुभाषा लागत नाही. आईच्या यादीत एकापासून आठपर्यंत आकडे आहेत. आठव्यापुढे काही लिहिलेलं नाही.

होळकरांच्या काळापासून इथे रुजलेल्या मराठी घरांत नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल चोपडल्यावर हे मिश्रण दुधात कालवून अंगाला लावतात. त्याच शहरात, सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत, वनस्पतींचे अर्क काढणारे कारखाने आहेत. घरात हळद चिमटीने मोजतात. अर्काच्या व्यापारात तिची ओळख ‘कुरकुमिन ९५ टक्के’ अशी होते. चिमटीपासून टक्क्यापर्यंतच्या या वाटेवर हळदीला दोनदा न्यायासनासमोर उभं राहावं लागलं. दोन्ही वेळा वाद गुणांवरून फारसा नव्हताच. प्रश्न होता, घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट पुरावा म्हणून चालते का?

डागाचं रसायन

हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतो आणि कापड उन्हात वाळवलं की फिका पडतो, हे प्रत्येक घराला माहीत असतं. त्यात या अर्काचं अर्धं शास्त्र आलं. हळदीचा रंग कुरकुमिनाचा. क्षारात त्याचा रंग पालटतो, म्हणून तर हळदीवर टाकणखार आणि लिंबाचा संस्कार करून कुंकू घडतं. उजेडात कुरकुमिन विघटित होतं. पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही.

फोगेल आणि पेल्तिये यांनी हे पिवळं द्रव्य १८१५ मध्ये वेगळं काढलं. त्याची रेणुरचना उलगडायला १९१० साल उजाडलं. ते काम मिलोबेद्झ्का, कोस्तानेत्स्की आणि लाम्पे यांचं. साधारण हळकुंडात कुरकुमिन आणि त्याची भावंडं मिळून वजनाच्या २ ते ५ टक्के भरतात. अर्कासाठी हळकुंडाची भुकटी अल्कोहोल किंवा इथाइल अ‍ॅसिटेटसारख्या द्रावकात मुरवतात. द्रावक उडवून लावला की गडद, चिकट राळ उरते. तिच्यातलं तेल बाजूला काढून स्फटिक जमू दिले, की नारिंगी भुकटी हाती येते.

पण ही भुकटी क्रीममध्ये घातली तर गालाबरोबर सदऱ्याची कॉलरही पिवळी होणार. म्हणून कुरकुमिनाचा हायड्रोजनशी संयोग घडवून टेट्राहायड्रोकुरकुमिन तयार करतात. ही भुकटी जवळपास पांढरी असते आणि प्रसाधनांत ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. ज्या रंगावरून आपण हळद ओळखतो, तोच काढून टाकल्यावर ती महागड्या बाटलीत जाते.

गुणांच्या बाबतीतही हात जरा आखडताच ठेवलेला बरा. प्रयोगशाळेतल्या पेशींवर कुरकुमिन दाह कमी करताना दिसतं, पण रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने २०१७ मध्ये घेतलेल्या विस्तृत आढाव्यात ते अस्थिर आणि चाचण्यांना चकवणारं द्रव्य ठरलं. हळद-कुंकवाने काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं, काळे डाग पडतात, हेही त्वचारोगतज्ज्ञांना परिचित आहे.

औषध की प्रसाधन?

केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळला सुरू केलेली विको कंपनी आधी दंतमंजनामुळे घराघरांत पोहोचली. १९७५ मध्ये तिने हळदीच्या अर्काची, चंदनतेलाचा वास असलेली क्रीम बाजारात आणली. तोंडाला लावायचा स्नो पांढराच असतो, असं मानणाऱ्या काळात ही पिवळसर क्रीम आली. लग्नाच्या हळदीची आठवण तिच्या जाहिरातींनी अचूक हेरली.

उत्पादनशुल्क खात्याने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. औषधावर कर कमी, सौंदर्यप्रसाधनावर जास्त. मग ही ट्यूब कोणत्या खान्यात टाकायची? तोंडाला लावतात म्हणून प्रसाधनाच्या, की हळद आहे म्हणून औषधाच्या? वाद वर्षानुवर्षं चालला. डिसेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या उत्पादनशुल्क आयुक्तांविरुद्ध विकोच्या बाजूने निकाल दिला.

अशा खटल्यांत न्यायालयं दोन कसोट्या लावत आली आहेत. नागपूर आयुक्तालयाच्याच प्यूमा आयुर्वेदिकच्या खटल्यात २००६ मध्ये त्या पुन्हा मांडल्या गेल्या. पहिली, ती वस्तू सामान्य माणूस औषध म्हणून ओळखतो का? दुसरी, तिच्यातले घटक आयुर्वेदाच्या प्रमाणग्रंथांत आहेत का? ग्रंथाच्या बरोबरीने बोलण्यालाही इथे वजन आहे. आजी ‘कापलंय, हळद लाव’ म्हणते, ते कराच्या खटल्यात मोजलं जातं.

छापलंय कुठे?

दुसरं न्यायासन साता समुद्रापार होतं. २८ मार्च १९९५ रोजी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत ५,४०१,५०४ क्रमांकाचं पेटंट मिळालं. विषय होता, जखम भरण्यासाठी हळदीचा वापर. संशोधक दोघे, आणि दोघेही भारतीय वंशाचे.

तेव्हाच्या अमेरिकी पेटंट कायद्यात एक मेख होती. एखादी गोष्ट आधीपासून वापरात असल्याचा दाखला अमेरिकेतला असेल, तर तो धरला जाई. परदेशातला असेल, तर तो पेटंटात किंवा छापील मजकुरात असावा लागे. कोट्यवधी भारतीयांनी गुडघ्याला फासलेली हळद या हिशेबात शून्य ठरत होती.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली. परिषदेचे महासंचालक तेव्हा गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर होते. पुरावा म्हणून ३२ संदर्भ गोळा झाले. त्यांत शंभर वर्षांहून जुने संस्कृत, उर्दू आणि हिंदी मजकूर होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले. पुढच्या वर्षी पेटंट रद्द झाल्यावर शिक्कामोर्तब झालं.

या धड्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल भांडार उभारायला सुरुवात झाली. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तामिळ ग्रंथांतले योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत आणून जगभरच्या पेटंट तपासनिसांपुढे ठेवायचे, ही त्यामागची कल्पना. काम मोलाचं आहे. पण ते ग्रंथापासून सुरू होतं. जे ज्ञान कधी ग्रंथात गेलंच नाही, फक्त हातावरून हातावर आलं, ते या भांडाराच्या उंबऱ्याबाहेरच राहतं.

आमच्या घरी ते असंच बाहेर राहिलं. आजीच्या उटण्यात आठ जिन्नस होते. माप मुठीचं, प्रमाण नाकाचं. तिने लिहून ठेवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आईला सात आठवतात. आठव्याचा फक्त वास आठवतो, म्हणून यादीत त्याचा आकडा अजून आहे. दर वर्षी सियागंजात दुकानदार एकेक डबा उघडून पुढे धरतो. कधी गव्हला, कधी कचोरा. आई हुंगते आणि मान हलवते. यंदा मी निदान सात जिन्नसांपुढे ग्रॅममध्ये वजनं लिहिली, खाली तारीख घातली आणि कागद जपून ठेवला. आठव्यापुढची जागा कोरीच आहे.