न जाळता साखरेची वीज

दौंड तालुक्यातील राहू परिसरात उसाचा हंगाम आला की गुऱ्हाळांची चुलवणे पेटतात. चरकातून निघालेला रस काहिलीत आटत असतो आणि त्याच उसाचे वाळलेले चिपाड खाली जळत असते. सहवीजनिर्मिती करणारे साखर कारखानेही हेच चिपाड बॉयलरमध्ये जाळून वाफेवर वीज निर्माण करतात. दोन्हीकडे अग्नी अटळ आहे.

साखर न जाळता तिच्यातून वीज काढण्याचा मार्ग मात्र प्रयोगशाळेत सापडला आहे. 2007 मध्ये जपानच्या सोनी कंपनीने ग्लुकोजच्या द्रावणावर चालणारे विद्युतघट दाखविले. चार घट जोडून एक छोटे संगीतयंत्र चालले. 2014 मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया टेकच्या पर्सिव्हल झांग यांच्या गटाने तेरा विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, साखळी वापरून पिष्टापासून केलेल्या माल्टोडेक्स्ट्रिनच्या प्रत्येक ग्लुकोज-घटकातून चोवीसच्या चोवीस इलेक्ट्रॉन मिळविले. आपल्या पेशी अन्नातून शक्ती काढतात, त्याच जातीचे हे काम. ज्वाला कोठेच नाही. अग्निकाय जीवांचा विचार करणाऱ्या वाचकास ही गोष्ट विशेष वाटेल. विकर स्वतः सजीव नव्हे, ते प्रथिन आहे. तथापि ते जिवाणूंकडून तयार करवून घ्यावे लागते, हेही नोंदविले पाहिजे.

आता जमाखर्च. एक किलो साखरेत सुमारे साडेचार युनिट ऊर्जा असते. केंद्राने 2019 मध्ये साखरेची किमान विक्री किंमत किलोला 31 रुपये ठरविली. त्या भावाने, काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, केवळ साखरेपोटी युनिटला सात रुपयांच्या घरात खर्च येतो, आणि प्रत्यक्षात बरेच वाया जाते. व्हर्जिनियाच्या घटाची शक्ती प्रति चौरस सेंटिमीटर 0.8 मिलिवॅट होती. आठ वॅटचा एक दिवा लावायचा तर एक चौरस मीटर विद्युतपृष्ठ हवे. टनभर उसातून साखर शंभर किलोच्या आसपास निघते, तर चिपाड त्याच्या दुपटीहून अधिक. घरादाराच्या विजेसाठी साखर खर्ची घालणे व्यवहारात बसत नाही.

लहान उपकरणांची बॅटरी हे याचे खरे क्षेत्र. तेथे वजनाच्या मानाने साठा मोठा, आणि संपला की पुन्हा साखरपाणी घालता येते. मात्र विकरे कालांतराने निकामी होतात. या धंद्यात भांडवल मागणाऱ्यास विजेचा भाव विचारण्यापूर्वी ती किती दिवस टिकतात, हे विचारावे.