झेंडावंदन झालं की घरी जाऊ नका. गावाचा हिशेब त्याच दिवशी वाचतात

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. बँक बंद, तहसील बंद, शाळेत फक्त झेंडावंदन. पण याच तारखांना किंवा त्यांच्या आसपास गावात सगळ्यात महत्त्वाची बैठक असते, ती म्हणजे ग्रामसभा. सुट्टीच्या दिवशी हे काम कशाला, असं अनेकांना वाटतं.

सुट्टीच का?
ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. कामाच्या दिवशी मजूर रोजावर, नोकरदार तालुक्याला. सुट्टी असली की बहुतेक जण गावात सापडतात. म्हणजे ही वेळ अधिकाऱ्यांच्या नव्हे, तर तुमच्या सोयीची आहे. ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) सुट्टी सोडून येतात, ते तुमच्यापुढे हिशेब मांडायला.

काय मांडलं जातं?
महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ नुसार वर्षात किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात. आर्थिक वर्षातली पहिली सभा साधारण १ मेच्या सुमारास होते. तिच्यात मागच्या वर्षाचा जमाखर्च, कामांचा अहवाल, यंदा करायची कामं आणि लेखापरीक्षणात काढलेल्या त्रुटी व त्यांची उत्तरं ठेवावी लागतात. गटार, पाणी, दिवाबत्ती यावर किती गेले, ते इथंच कळतं.

गडबड कुठं होते?
झेंडावंदन होतं, पेढा मिळतो, लोक पांगतात. मग उरलेल्या पंधरा-वीस जणांपुढे अहवाल भराभर वाचला जातो. सभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. गावात ४०० मतदार असतील तर ६० माणसं, २००० असतील तर १००. एवढी नसतील तर सभा तहकूब होते. पण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पहिल्या दिवशी आपण गेलो नाही, तर पुढच्या वेळी मोजकी माणसंही ठराव मंजूर करू शकतात. नंतर पारावर बसून कितीही बोललो तरी ठराव झालेला असतो.

जाताना काय करायचं?
- नोटीस बोर्डावरची विषयपत्रिका आधीच बघा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.
- ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या गावाचा आराखडा आणि खर्च बघून जा. वाचलेला आकडा त्याच्याशी जुळतो का ते पाहा.
- आकडे पटापट वाचले तर थांबवा. "साहेब, परत सांगा, किती आले आणि किती गेले?" असं विचारायला लाज कसली?
- मागच्या सभेतल्या ठरावांचं काय झालं, हे पहिल्यांदा विचारा.
- तुमचा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. नुसतं तोंडी बोलणं मागाहून कोणालाच आठवत नाही.
- ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. घरातल्या बायकांना तिची तारीख सांगा.

मांडणाऱ्यांनाही विनंती
ग्रामसेवकाकडे कधी दोन गावं असतात, घाई होते, हे कळतं. तरी जमाखर्चाचे पाच-सहा मोठे आकडे फळ्यावर लिहिले, तर मागं बसलेल्या आजीलाही कळतील.

सुट्टीतले दोन तास जातात, हे खरं. पण वर्षभराच्या पैशाचा हिशेब समोरासमोर विचारायला यापेक्षा चांगली जागा गावात नाही.